वाटणीत न आलेली सावली

सिहोरा, सोमवार

तीर्थरूप सुखराम काकाजी यांस,

भुपेंद्र इथूनच पाया लागतो. तुमचा गुडघा कसा आहे? काकूची शुगर उतरली का? इकडे उन्हाळी धान कापणीले आलं. बाबा (म्हणजे तुमचे भैयाजी) दुपारचे आपल्या दोन वावरांमधल्या धुऱ्यावर बाजेवरच असतात. वाटणीपासून तुम्ही दोघं बोलत नाही, म्हणून खबरबात मलेच लिहावी लागते. धुऱ्यावरचं मोहाचं झाड तुम्ही ठेकेदाराले तोडाले देऊन राहिले असं ऐकलं. झाड तुमचं, मर्जी तुमची. हे पत्र त्या झाडाबद्दल नाही. हे पत्र मोबाइल ॲप स्पर्धेच्या निकालाबद्दल आहे.

मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हापासून घरात सगळे मले इंजिनिअर म्हणतात (मेघा सोडून, बायको काय म्हणते ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही). जिल्ह्याची स्पर्धा निघाली : शेतकऱ्याच्या रोजच्या कामाचं ॲप बनवा. बाकीचे कीड, खत, हवामान यांच्या मागे लागले. मी म्हटलं, आपला शेतकरी रोज न चुकता काय करते? जेवल्यावर झोपते. पण सावली सरकते, पायाले चटका बसते, अन् माणूस अर्ध्या स्वप्नातून उठते. बाबाचं तसं नाही. ते तीस वर्षांपासून झोपेतच उठून बाज सरकवतात अन् परत आडवे होतात. मग मी वर्षभर दुकानाले कुलूप लावून दुपारचा त्यांच्या मागे फिरलो, दर अर्ध्या घंट्यानं बाजेच्या पायाजवळ खुंटी ठोकली, अन् सारं ॲपमध्ये भरलं. नाव ठेवलं 'सावली'. आता फोनच हळू आवाजात सांगते, बाज एक हात उगवतीकडे घ्या.

परीक्षक अश्वजित सर वावरातच तपासणीले आले. गंभीर माणूस. हातात गुणांची वही. स्वतः वापरून पाहतो म्हणाले अन् एक वाजता बाजेवर टेकले. दीड वाजता फोन बोलला. सर नाही उठले, म्हणून मी अन् बाबानं बाज सरांसकट उचलून एक हात सरकवली. दोन वाजता परत. तलावावरून वारा येत होता, मोहाची नवी पालवी हलत होती, अन् सरांचा चेहरा दुसरीतल्या लेकरासारखा झाला होता (वहीत पहिल्याच रकान्यातून पेनाची रेघ खाली पार उशीपर्यंत गेली). मले बसल्या बसल्या सारा जिल्हाच दिसाले लागला. करडीपासून आंबागडपर्यंत धुऱ्याधुऱ्यावर बाजा, सगळ्या एकाच वेळी हळूच उगवतीकडे सरकून राहिल्या, अन् कोणाचंच स्वप्न अर्धं राहत नाही. किती वेळ पाहत होतो कोण जाणे. सर पाच वाजता उठले, तोवर पुढच्या तीन स्पर्धकांची वेळ निघून गेली होती.

निकाल काल लागला. पहिला नंबर धानाच्या रोगाच्या ॲपले. माझ्या नावापुढे लिहिलं आहे, "परीक्षण अपूर्ण. परीक्षकांस निद्रा आली. फेरपरीक्षण येत्या रविवारी, त्याच ठिकाणी." मेघा पोट धरून हसली. मले आधी वाईट वाटलं, मग वाटलं, याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं पाहिजे? सरांचा फोनही आला होता. गुणांचं काही नाही बोलले. घरची उशी आणली तर चालते का, एवढंच विचारलं.

बाकी इकडे ठीक. काकूले नमस्कार.

तुमचा पुतण्या,
भुपेंद्र

ता. क. : ठेकेदार शनिवारी येते म्हणतात. काकाजी, झाड देऊ नका. वाटणीत झाड तुमच्याकडे गेलं, पण दुपारनंतरची सावली धुरा ओलांडून आमच्या वावरात पडते, अन् सावलीचं तेव्हा कोणी लिहूनच घेतलं नाही. स्पर्धा गेली चुलीत. झाड चाललं हे ऐकल्यापासून बाबा बाजेवर डोळे उघडे ठेवून पडून राहतात. बाज सरकवत नाहीत. मी सरकवाले गेलो तर नको म्हणतात, उन्हाची सवय करून राहिलो म्हणतात.

ता. क. दुसरा : सकाळची सावली तुमच्या बाजूले पडते. ती मी मोजलीच नव्हती. आज खुंट्या घेऊन गेलो, तर तिथं दुसरी बाज टाकलेली, दोरी नवीन विणलेली. कोणासाठी म्हणून विचारलं. वाटणीपासून ज्यांच्या तोंडून तुमचं नाव ऐकलं नव्हतं, ते बाबा म्हणाले, "सुखरामले सकाळचीच झोप लागते."

शनिवारी पहिल्याच गाडीनं निघा. अकरा वाजेपर्यंतची सावली तुमची आहे.