चाळीस पावलांचा राखेचा रस्ता

३ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी
पहाटे तो आवाज पुन्हा कानात. वीजकेंद्राकडे कोळसा नेणारा लांबलचक पट्टा, खडखड खडखड. शाळेच्या खिडकीखालून जायचा. त्याच्या तालावर आम्ही कविता पाठ करायचो. वीजकेंद्र बंद पडलं, पट्टा भंगारात गेला. कविता अजून पाठ आहेत.
बायकोचा, सिमेलाचा, गुडघा बदलला. शनिवारी, १४ला, इस्पितळातून सुटी मिळेल. तिची अट एकच: सडकेपासून दारापर्यंतचा चिखल पक्का करायचा. चिखलात वॉकर चालत नाही. नाहीतर हिवाळाभर वेरियाला बहिणीकडे, असं म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.
संकल्प: पुढच्या बुधवारपर्यंत रस्ता. चाळीसच तर पावलं.

५ ऑक्टोबर
गावच्या रस्त्याखाली घालून उरलेली राख फुकट मिळाली. एक ट्रक. आपल्याच केंद्राची. पाणी मारून दाबली की दगड.
शेजारचा स्ताथिस शिकवायला आला. त्याने तीस वर्षं राखेच्या ढिगावर रोलर चालवला. मी तीस वर्षं तिथेच हजेरीपत्रकं लिहिली, रोज टेबलावरची राख पुसली. अनुभव सारखाच.
म्हणाला, "हे बघ मेलेतिस, पाणी मारलंस की लगेच रोलर. मध्ये कॉफी नाही."
माणूस चांगला. काव्य नाही.

८ ऑक्टोबर
सिमेलाला फोन. रस्ता जवळपास झाला, असं सांगितलं. ट्रक रिकामा झाला, म्हणजे जवळपास झालाच. उद्घाटनाची कविता सुरू:
राखेतुनी ही वाट निघाली
घराकडे ये माझी सिमेली.
'सिमेली' यमकासाठी. ती समजून घेईल.

११ ऑक्टोबर. सकाळी ९
राख पसरली. भरपूर पाणी मारलं. स्ताथिसचा रोलर फाटकाशी तयार. पाच मिनिटं कॉफी.

दुपारी १:३०
कॉफीखान्यात कविता म्हणायचा आग्रह झाला. तोंडाने कुणी केला नाही, पण चेहरे बोलत होते. अकरा कडवी. मग शाळेतल्या तीन.
परत आलो. राखेचा दगड झालेला: मध्ये उंटाची पाठ, कडेला खड्डे, फावडं उभंच्या उभं रुतलेलं. स्ताथिसने टोपी काढली, अंत्ययात्रेत काढतात तशी.

१२ ऑक्टोबर
फावडं हलत नाही. म्हणजे माल उत्तम. रोलर फिरवला, रोलरच उसळला.
सिमेलाने विचारलं, सपाट आहे ना? संगमरवर, म्हटलं. पुढचं ऐकू आलं नाही. लाइन खराब असावी.

१३ ऑक्टोबर. दुपारी
घण घातला. दोन कपच्या निघाल्या. एक माझ्या कपाळाला लागली.
आज एकही ओळ आठवत नाही. तिची उशी उन्हात टाकली. संध्याकाळी फोन करून खरं सांगावं. किंवा उद्या सकाळी.

४:१०
दार वाजलं. स्ताथिस रोलर न्यायला आला असेल, म्हणून तशाच बनियनवर उघडलं.
वार्वारा. सिमेलाची वेरियाची थोरली बहीण. आमच्याकडे नऊ वर्षांत आली नव्हती. हातात दोन बॅगा, पायात एकच बूट; दुसरा कडेच्या खड्ड्यात.
म्हणाली, "संगमरवर बघायला आले, भाऊजी."
मी पाण्याचं विचारलं. तिने ऐकलंच नाही, हुकूम सोडले. सिमेला उद्या येणार म्हणजे येणार. त्या उंटावरून तिला मी आणि वार्वाराने उचलून आणायचं. आणि रस्ता सपाट होईपर्यंत ही इथून हलणार नाही.
"माझी खोली कुठली?"
दुसरी खोली एकच आहे. मी लिहायला बसतो ती.