पांढऱ्या स्वेटरातला देवदूत

प्रिय ताई,

प्रभूच्या नावाने सलाम. (प्रभू नको असेल तर नुसता सलाम ठेवून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला हटला का? मी मजेत आहे. दोन वर्षांनी माझं पत्र आलेलं पाहून तू ते न वाचताच फाडशील, म्हणून मुद्दाम जाड कागद घेतलाय.

झालं असं की महिन्यापूर्वी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीत जाहीर केलं, प्रत्येकाने आपल्या विश्वासाची साक्ष कामाच्या जागी किमान तीन जणांना धीटपणे द्यायची आणि शेवटच्या रविवारी काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आता माझं काम तुला ठाऊक आहे. बंद खोलीत बसून, ऐकू न येणाऱ्यांच्या कानात यंत्र बसवायचं. मला वाटलं, आपल्याइतकी सोय कुणाचीच नाही. गिऱ्हाईक खुर्चीत अडकलेलं, दार बंद, आणि यंत्र जुळवताना मला काहीतरी बोलत राहावंच लागतं. एरवी मी एक ते वीस आकडे म्हणतो. पहिले बसले एक निवृत्त हेडमास्तर. मी आकडे सोडून सुरू केलं, की बायको गेली, तीन महिने अंथरुणातून उठलो नाही, मग देवाने उठवलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, दगडाला पाझर फुटला. दहा मिनिटांनी कळलं की त्यांनी 'पाप' हा शब्द आल्याआल्या यंत्र बंद केलं होतं. (बटण कुठे असतं ते त्यांना मीच दाखवलं होतं.) दुसरा एक ट्रक ड्रायव्हर. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, डाव्या कानात शिट्टी वाजतेय ती तुमच्या देवाची की यंत्राची? एवढ्यावर थांबावं की नाही? पण मला चेव आला. येईल त्याला ऐकवू लागलो. शेवटी मालकांनी बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, गिऱ्हाईक आलं की बायकोला मारायचं, हे बरं दिसत नाही." खरं होतं त्यांचं. दिवसातून चारचारदा मी तिला मारत होतो आणि चौथ्या वेळी मला काहीच वाटत नव्हतं. घरी गेल्यावर मात्र त्याचंच फार वाईट वाटायचं.

मग आल्या लॉन्ड्रीवाल्या आजी. त्यांनी माझी साक्ष तीन वेळा म्हणायला लावली. मी हरखलो. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाल्या, "आवाज झकास येतोय. पण मला सांग, ते तीन महिने तुझा स्वयंपाक कुणी केला?" मी म्हटलं, आजी, देवदूत आला, त्याने पवित्र शास्त्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वाचलं ते वाचलं रे. भांडी कुणी घासली?" मी एक ते वीस आकडे म्हटले.

ताई, तो देवदूत तू मंडळीच्या मासिकात पाहिलास, पंखांच्या चित्रासकट, आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस. तो कसा जन्मला ते ऐक. पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा मी एवढंच म्हणालो, कुणीतरी येऊन वाचून दाखवलं. ते कुणीतरी म्हणजे देव न मानणारी माझी बहीण, हे चारचौघांत सांगायची लाज वाटली. पाळकसाहेबांच्या बायकोने विचारलं, पांढऱ्या कपड्यांत होता का? मी हो म्हणालो. (तुझा पांढरा स्वेटर होता. तेवढं तरी खोटं नव्हतं.) पुढचे पंख त्यांनी लावले, मी काढले नाहीत. पंखवाला भाऊबंद असला की मंडळीत मान मिळतो. तुझ्या जागी मी देवदूत बसवला, ताई. मला माफ कर.

परवाच्या रविवारी मी उभा राहून सगळं सांगितलं. सांगितलं की देवदूत नव्हता, माझी ताई होती. रोज दोन बस बदलून यायची, खाऊ घालायची, भांडी घासायची, देवाबद्दल अवाक्षर काढायची नाही. एका दुपारी मला झोप लागेना म्हणून तिने बाबांचं जुनं बायबल उघडलं ते नेमकं वंशावळीवर. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, असं दीड तास. मग पुस्तक मिटून म्हणाली, "एवढी माणसं एकापाठोपाठ एक जगून गेली, आणि तुला दात घासायला जड जातंय?" मी उठलो, दात घासले. माझा विश्वास तिथून सुरू होतो. तुला देवानेच पाठवलं असं मी आजही मानतो. (रागाव, हवं तर.)

आमेन कुणीच म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत घ्यायला लावलं. बाहेर पडताना एका बाईंनी मला दारात अडवलं. त्यांचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळलाय, आणि माझा देवदूत वाचल्यापासून त्या खिडकी उघडी ठेवतात. म्हणाल्या, "म्हणजे आता कुणी येणार नाही?" म्हटलं, मी येतो. अजून गेलेलो नाही.

भावोजींना सलाम सांग. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. उत्तर नाही दिलंस तर चालणार नाही.

ता. क. दुसरा. वर मजेत आहे लिहिलंय ते खरं नाही. रविवारी घरी आलो तो आडवा झालो, अजून उठलेलो नाही. हे पत्रही झोपूनच लिहितोय, म्हणून अक्षर असं उताराला लागलंय. त्या बाईंना शब्द दिलाय तो मोडवत नाही आणि पाय काही जमिनीला लागत नाहीत. ताई, तू येशील का? शेजारच्या शिंपीणबाईंकडे किल्ली आहे. विश्वास आणू नकोस, माझ्याकडे उरलाय तो दोघांना पुरेल. तू तेवढी ये.