तुला मागून आणलं होतं

चि. कल्पितास,

रविवार, १२ जानेवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. व्हिडिओ कॉल चालू असताना तू तुझ्या माद्रिदच्या होणाऱ्या नवऱ्याला स्पॅनिशमध्ये सांगितलंस, "आत्याने मला वाढवलं ते कर्तव्य म्हणून. तिचं माझ्यावर प्रेम नाही." बये, कॉन्व्हेंटमध्ये मला स्पॅनिश सिस्टरने सात वर्षं शिकवलंय, हे विसरलीस?

सिस्टर सांगायची, स्पॅनिशमध्ये प्रेम करण्याला तीन शब्द. 'आदोरार' देवासाठी. तू तो पिझ्झालाही लावतेस. 'आमार' गंभीर, लग्नाच्या शपथेत शोभणारा. आणि 'केरेर' घरातला. जे माणूस आपल्याला हवं असतं, ज्याच्यावर जीव असतो, त्याच्यासाठी. आई लेकराला हाच शब्द म्हणते.

तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुला मी थळला मागून आणलं, कोणी माझ्या गळ्यात बांधलं नाही. अजूनही दर हिवाळ्यात तुला पाठवायला कोलंबी सोलते, उन्हात घालते आणि कावळे हाकत बसते. नुसतं कर्तव्यच करायचं असतं तर अलिबागच्या बाजारात तयार सोडे मिळतात.

तोंडाने मी कधी म्हटलं नाही, हे कबूल. आमच्या घरात कोणीच म्हणत नसे. आता लिहिते, त्याच घरातल्या 'केरेर'ने: 'ते किएरो', माझा तुझ्यावर जीव आहे.

तुझी लेखी माफी ३१ जानेवारीपर्यंत रजिस्टर पोस्टाने माझ्या हातात पडली पाहिजे. हे पत्र अजून माझ्या कपाटातच आहे, ही सबब चालणार नाही.

कमळ नाखवा
निवृत्त पोस्टमास्तर, आणि तुझी आत्या