एक बोळकं पाहिजे

३ नोव्हेंबर, सोमवार

तारीख आली. कवळीची प्रॅक्टिकल १ डिसेंबरला, सकाळी नऊला. पेशंट आपापला आणायचा — तोंडात एकही दात नसलेला.

गेल्या वेळी माझ्या पेशंट अंबुबाई "येते गं, येते" म्हणाल्या आणि ऐनवेळी फोन बंद! ॲप्रन घालून तीन तास रिकाम्या खुर्चीशेजारी उभी होते. नापास. बॅचमधले सगळे डॉक्टर झाले. सादिकानं तर रहाटणीत स्वतःच्या नावाचा बोर्डही लावला. मी आहे तिथंच. आता पुन्हा गेला विषय, तर परत बसायची ताकद माझ्यात नाही. खरंच नाही.

६ नोव्हेंबर

मोशीच्या बसमध्ये एका आजींच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्या हसल्या. खाली चार दात! मी लगेच मान फिरवली. नंतर लाज वाटली.

९ नोव्हेंबर, रविवार

सापडले! मोशीचे साहेबराव आजोबा. देवळासमोर बसलेले, तोंडाचं पार बोळकं. म्हटलं, आजोबा, फुकट कवळी बसवून देते, फक्त कॉलेजला चला.

"मला कशाला गं दात? भाकर दुधात कुस्करली की झालं. आता कुनाला चावायचं हाय?"

अर्धा तास गोडीगुलाबी केली. शेवटी म्हणाले, "तुजं काम व्हतंय ना? मग येतो."

१७ नोव्हेंबर

दुसरं माप झालं. मॅडम म्हणाल्या, "बरं आलंय." मॅडमच्या तोंडून 'बरं' म्हणजे काय! साचा घेताना आजोबांना उमासे येत होते. बिचारे माझा हात घट्ट धरून बसले.

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांची हयात भोसरीच्या फाउंड्रीत साचे करण्यात गेली, त्यामुळे माझ्या अभ्यासातलं हेच एक त्यांना कळतं. "साच्यात कण राहिला की माल वाया, मैत्री बेटा," म्हणाले. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

संपलं सगळं.

आजोबा म्हणाले, "पोरी, एक तारखेला न्हाई जमायचं. दत्तजयंतीचा सप्ताह हाय. नऊ ते बारा वीणा माज्याकडं."

सात दिवस अखंड भजन. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली टेकवायची नाही. म्हटलं, एक दिवस कुणाशी तरी वेळ बदला ना. "चाळीस वर्सं त्यो पहारा माजा हाय. तसं न्हाई व्हत." रागावले नाहीत. उलट मलाच पाणी दिलं.

चूक माझीच. मी तारीख सांगून मोकळी झाले, तिथी विचारलीच नाही! आमच्या घरी सप्ताह नाही की काही नाही, डोक्यातच आलं नाही. आता दुसरं कुणी मिळालं तरी सगळी मापं पहिल्यापासून. सात दिवसांत.

२५ नोव्हेंबर

सांगवीच्या विरंगुळा केंद्रात जाऊन आले. पंचाहत्तरीची माणसं आणि कुडुमकुडुम चिवडा खातायत! सगळ्यांना दात!

घरी आले तर बाबा म्हणाले, "मी येऊ का गं पेशंट म्हणून?" मी खेकसलेच त्यांच्यावर — "तुम्हाला सात दात आहेत, बाबा! हलत असले तरी आहेत! एक असला तरी चालत नाही!"

बाबांनी जेवून ताट उचललं. आई म्हणाली, "त्यांच्यावर कशाला राग काढतेस?" बरोबर होतं तिचं. तरी मी सॉरी म्हटलं नाही.

२६ नोव्हेंबर

कुणी नाही.

२७ नोव्हेंबर

पुस्तकं पलंगाखाली सरकवली. सादिकाचा फोन — "तोवर माझ्याकडं रिसेप्शनला बस ना." चांगल्या मनानंच म्हणाली. फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पाच वर्षं घासून शेवटी मैत्रिणीच्या पेशंटना नंबर द्यायचे. नशीबच फुटकं माझं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बाबा दुपारी बाराला घरी आले. तोंडात कापूस, रुमालावर रक्त. बोलता येईना, पण डोळे हसत होते. माझं पेन घेऊन पेपरच्या कडेला लिहिलं — 'सातही काढून आलो. डॉक्टर थोडे थोडे काढू म्हणत होता, मी ऐकलं नाही. आता घे साचा.'

हिरड्या भरून यायला तीन महिने लागतात. परीक्षा परवा आहे.

मी "हो बाबा" म्हणाले आणि खालच्या दुकानातून बर्फ घेऊन आले.