रोज बरोबर चार

धाकट्या,

आईला घेऊन दवाखान्यात चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, पण आधी हे वाच.

तिच्या जेवणानंतरच्या साखरेची वही काल पाहिली. तुझ्या आठवड्यात तीन तारखेला १८२, चारला १७८, पाचला १७४. रोज बरोबर चार उतरले. सहा-सातला काहीच लिहिलं नाहीस, आणि आठला थेट १६२. म्हणजे तीन दिवसांचे बारा, एकाचाही फरक नाही! अरे, माणसाची साखर आहे ती, जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. मी दहा वर्षं कारखान्यात भट्टीचं तापमान लिहितेय. खरे आकडे इतके शहाण्यासारखे रांगेत उभे राहत नाहीत. रांगेत उभे राहतात ते बसल्या जागी लिहिलेले.

आज सकाळी नाश्त्यानंतर मी स्वतः मोजली. २४७.

तुझ्या त्या उताराच्या जोरावर डॉक्टर आजपासून इन्सुलिन कमी करणार होते. काय झालं असतं, कळतंय का?

आईला विचारलं तर म्हणते, "पोरगं रोज टोचतं गं, तू उगाच पोलिसासारखी वागू नकोस." तिची बोटं पाहिली. मी सकाळी टोचलं तेवढी एकच खूण आहे. सुईला ती घाबरते की तू, आणि हे दोघांनी मिळून ठरवलंत का, तेवढं मला कळायचंय.

वहीतले आकडे खोटे आहेत, हे डॉक्टरांना मी सांगते. ते कुणी लिहिले, हे सांगायला तू ये. पाच वाजेपर्यंत आम्ही तिथेच आहोत.

ताई