यादीत नसलेलं पाणी

महाड,
ता. ४ मे २००३

बिल्किसआपा,

अस्सलामु अलैकुम. इथे सगळे ठीक. आंबा यंदा उशिरा आणि महाग. तसनीमचे गुडघे तेवढे वेळेवर कुरकुरतात. आमचा मुलगा कारखान्याच्या लॅबमध्ये कायम झाला, इम्रान, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. मी सांगितलं नव्हतं.

तुझं पत्र आणि सोबत माझ्या सहीसाठी धाडलेला अर्ज मिळाला. विहिरीचं वाचलं. तुमच्या इमामसाहेबांनी सांगितलं ते बरोबर. पाण्याचा रंग, वास, चव बदलली की त्यानं हातपाय धुऊन नमाजाआधीचा वुजू होत नाही. म्हणून अख्खं गाव मातीवर हात मारून तयम्मुम करतं आणि नमाजाला उभं राहतं. शेजारच्या रखमाची म्हैस तर मसला न विचारताच तोंड फिरवते म्हणतेस. ती कुठल्या मदरशात शिकली, विचार.

आता आमच्याकडचं ऐक. जमातीचा फंड बँकेत होता. व्याज मशिदीला चालत नाही, म्हणून त्याचे आम्ही गरिबांसाठी संडास बांधत आलो. सात झाले. आठव्याला ना जागा मिळेना, ना गिऱ्हाईक. तेव्हा मुंबईहून तुझाच लेक राहील, ज्यांचे शेअर घ्यायला चालतील अशा कंपन्यांची एक यादी घेऊन आला. त्यानं घरी सांगितलं नसेल. 'मामू, एकदम चोख कंपन्या हायत. दारू नाय, डुक्कर नाय, जुगार नाय, सिनेमा नाय, व्याजाचा धंदा नाय.' मौलानांनी चष्मा लावून दोनदा वाचली. त्यात तुमच्या गावाच्या वरच्या अंगाचा हाच कारखाना निघाला, तर सगळ्यांना घरातलंच स्थळ मिळाल्याचा आनंद. कापडाचे रंग बनवतात. रंगात हराम काय असणार? पाण्याचा रकाना यादीत नव्हता. शेअर आम्हा तिघा विश्वस्तांच्या नावावर घेतले. पहिलं नाव माझं.

तुझं पत्र आल्यावर मी मीटिंगमध्ये म्हटलं, विकून टाकू. खजिनदार म्हणाले, 'भाव पडलाय, मुनाफभाई. जरा वर येऊ दे, मग तौबा करू.' मौलाना म्हणाले, धंदा हलाल आहे, सांडपाणी सरकारनं बघावं. फंड बुडाला तर अकरा बेवा बायकांच्या औषधाचं काय, असंही कुणी विचारलं. मी गप्प बसलो. त्याची मला आता सवय झाली आहे.

कशी झाली, ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. मार्चमध्ये कारखान्याचे मॅनेजर घरी आले. 'तुम्ही तर आमचे मालक,' म्हणाले आणि कागद पुढे केला. खालच्या गावांतलं पाणी नेहमीसारखं आहे, आमची तक्रार नाही, असा मजकूर. जमातीचा शिक्का घरातच होता. मी सही करून शिक्का मारला. पुढच्या सोमवारी इम्रानचं कायम झाल्याचं पत्र आलं. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं, आपा. बोलायची गरजच पडली नाही.

त्यानंतर तुझ्याकडे आलो तेव्हा चहा नको म्हणालो. शुगर निघाली म्हणून सांगितलं, आणि तू माझ्यासाठी दुआ केलीस. मला शुगर नाही; चहाचं पाणी तुमच्या विहिरीचं होतं.

आता अर्जावरच्या सहीचं. माझी सही दिसली की मॅनेजर मार्चचा कागद काढील आणि तुमचा अर्ज खोटा ठरवील. कारण पटण्यासारखं आहे. पण इम्रान घरी बसेल हे कारण मला त्याच्या आधी सुचलं, तेही लिहून टाकतो. सही करत नाही.

मात्र अर्ज कोणाविरुद्ध, असं जिथे लिहिलंयस, तिथे कारखान्याच्या खाली आमच्या मशिदीचे तीन विश्वस्तही घाल. माझं नाव पहिलं. मार्चच्या कागदाचंही लिही. संकोच करू नकोस. लहानपणी अब्बांकडे माझी चहाडी करताना तू कधी अडखळली नव्हतीस.

तुझा धाकटा भाऊ, आणि यापुढे तुझ्या अर्जातला विरुद्ध पक्ष,
मुनाफ