कौतिकच्या कानटोपीतलं पत्र

जळगाव, सोमवार, २५ डिसेंबर १९८९

ती. सौ. अक्का,

धाकट्या निंबाचा वाकून नमस्कार. थंडीने तुझी कंबर पुन्हा धरली नाही ना? भाऊजींचा खोकला, सासूबाईंचे गुडघे, सगळ्यांची चौकशी केली आहे असं समज. (तुझ्या नणंदेची, म्हणजे प्रमिलाची, मुद्दाम केलेली नाही.) तुझी दोन्ही पोरं इथे खुशाल आहेत, माझंच काही खरं नाही. उद्या आबा पोरांना यावलला घेऊन येतील. त्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून यावलवरून रावेरला केळी भरायला निघालेल्या ट्रकवाल्याकडे देतो आहे.

काल आपल्या घरची टोप्यांची रात्र. भुसावळला इंजिन शेडमध्ये असताना आपल्या आजोबांनी, नानांनी, साहेबाच्या बंगल्यावर नाताळात पोरांचे मोजे टांगलेले पाहिले, आपल्याकडे मोजे कुणालाच नव्हते म्हणून त्यांनी कानटोप्या टांगल्या. सकाळी टोपीत जे निघेल ते त्या पोराचं, मोठ्यांनी परत मागायचं नाही, हा नेमही त्यांचाच. (हे सगळं मी तुला सांगतोय, यावरून माझं डोकं कुठे आहे ते ओळख.) लग्न होईपर्यंत टोप्या तू भरायचीस, मग आई. यंदा मी घरी रिकामा, म्हणून माझ्याकडे आलं. रिकामा का, तर अमळनेरला मेसवाल्याने यावलच्या केळ्यांना नावं ठेवली. दुसऱ्या कुणी ऐकून घेतलं असतं. मी वरणाचं पातेलं उपडं केलं, माफी मागायला नकार दिला आणि दुसऱ्या वर्षाला, कॉलेजला आणि आबांच्या बोलण्याला एकदमच मुकलो.

तर येत्या गुरुवारी धुळ्याचा बँकेतला मुलगा प्रमिलाला बघायला येणार, हे तुझ्या थोरलीने मला सांगितलं. त्याच रात्री मी चार पानं लिहिली. थोरली पोटात ठेवणारी पोर, तिच्या टोपीतून पत्र बिनबोभाट यावलला पोचलं असतं. पण आईने दोन्ही टोप्या एकाच तपकिरी लोकरीच्या विणलेल्या, दिवा लावायची सोय नाही, म्हणून मी खिळा मोजला. पहिला खिळा थोरलीचा. पहिल्या खिळ्यावरच्या टोपीत जास्त पडतं अशी तुझ्या कौतिकची समजूत आहे आणि निजण्याआधी त्याने टोप्या बदलल्या, हे मला कसं कळणार?

सकाळी थोरलीला पेरू आणि शिट्टी मिळाली. कौतिकला पेरू, भोवरा आणि माझं काळीज. तो यंदा दुसरीत, दिसेल ते मोठ्याने वाचतो. चुलीपाशी सगळे शेकत बसलेले. "प्रि-य प्र-मि-ला... अरे, ही तर आत्या!" मग तो सुटलाच. दुसऱ्या पानावर अडला, "आबा, विरह म्हंजे काय?" तीन महिने माझ्याशी न बोललेले आबा त्याला म्हणाले, "कॉलेज सोडल्यावर होतो तो." आईच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. "हाई काय शे रे निंबा?" मी कागदावर झडप घातली, पोराने भोकाड पसरलं. आबांनी चारही पानं शांतपणे घडी करून त्याच्या टोपीत परत ठेवली. "नानांचा नेम आहे. त्याचं आहे ते." मी म्हटलं, मी विहिरीत उडी घेतो. ते म्हणाले, "चहा घेऊन जा."

आता ते पत्र उद्या कौतिकच्या डोक्यावर बसून येतंय, आणि भाऊजींसमोर, ओट्यावर, तो आत्याला वाचून दाखवणार आहे. अक्का, स्टँडवरच टोपी काढून घे आणि ते जाळून टाक. प्रमिलाचं नाव मी मनातून पुसलं आहे. तिने धुळ्याला सुखाने नांदावं.

तुझा
निंबा

ता. क. जाळू नको. तिसरं पान चांगलं उतरलं आहे.

ता. क. (ट्रकवाला हॉर्न वाजवतो आहे.) भाऊजींना सांगून गुरुवारचं स्थळ तेवढं थोपव. दोन वर्षं नाही जमलं तर आखाजीच्या सणापर्यंत तरी. पण त्याआधी तिला एकटीला गाठून एक विचार. गेल्या आखाजीला मुराळी म्हणून तुला न्यायला आलो, तेव्हा ती पंगतीत वाढत होती. मला म्हणाली, "अजून वाढू?" मी म्हटलं, "नको." आमचं आजवरचं बोलणं एवढंच. तुझ्या भावांपैकी निंबा कोणता, हे तिला ठाऊक आहे का, तेवढं कळव.